मृतकंदुकमीमांसा : हिंगण्याच्या लेआउटांचा विशेष विचार

विषय : चेंडू हद्दीबाहेर जाऊन मेला, इथवर कोणत्याही खेळात फारसं दुमत नसतं. वाद पेटतो तो त्याच्या उत्तरकार्यावरून. खेळ पुन्हा कोणी सुरू करायचा, आणि कुठून? प्रस्तुत प्रबंधात या प्रश्नाची चिकित्सा दोन परंपरांच्या आधारे केली आहे. एक, रग्बीची नियमसंहिता. दुसरी, हिंगणा एमआयडीसीलगतच्या लेआउटांतल्या मोकळ्या प्लॉटवरचं टेनिस बॉलचं क्रिकेट. पहिली छापील आहे, दुसरी पाळली जाते.

पूर्वपक्ष : रग्बीत गोलरेषेमागे 6 ते 22 मीटर खोलीचा पट्टा असतो, तो इन-गोल. तिथे चेंडू मेला की रेफरी प्रथम विचारतो, आत नेला कोणी? चढाई करणाऱ्या संघाने चालू खेळात मारलेला चेंडू कोणालाही न लागता इन-गोल ओलांडून पार मागे गेला, तर बचाव करणाऱ्यांना निवड मिळते : 22 मीटरच्या रेषेमागून ड्रॉप-आउट (चेंडू खाली सोडून, उसळताच मारलेली लाथ), किंवा चेंडू जिथून मारला तिथे स्क्रम (दोन्ही संघांची खांदे भिडवून रेटारेटी). बचाववाल्यानेच चेंडू मागे नेऊन टेकवला, तर गोलरेषेपासून पाच मीटरवर स्क्रम, आणि चेंडू प्रतिपक्षाचा. तिसरी गत त्रिशंकूची. चढाईवाला रेषेपार पोचला, पण गराड्यात अडकून चेंडू जमिनीला टेकवू शकला नाही. पूर्वी त्यालाही पाच मीटरचा स्क्रम मिळे. 2021 मध्ये प्रयोग म्हणून तिथे बचाववाल्यांचा गोलरेषेवरचा ड्रॉप-आउट आला, आणि 2022 मध्ये तो कायम झाला. म्हणजे नुसतं आत शिरण्याचं पुण्य रद्द.

उत्तरपक्ष : हिंगण्यात इन-गोल म्हणजे शेजारचं वॉल कंपाउंड. फटका थेट आत पडला तर बॅट्समन आउट, आणि मारणाऱ्याने आणायचा या न्यायाने चेंडूही त्यानेच आणायचा. टप्पा खाऊन गेला तर दोन संप्रदाय आहेत. एक दोन रन देतो. दुसरा काहीच देत नाही. या संप्रदायाचा कर्ता बहुधा बॉलिंग करत असतो. फिल्डरच्या हाताला लागून गेला तर आणण्याचा भार फिल्डरवर पडतो, आणि इथे रग्बीशी मतैक्य स्पष्ट दिसतं. फाटक उघडं असेल तर कंपाउंडही मैदानात धरावं, असा एक पक्ष आहे. तो कबड्डीच्या लॉबीचा दाखला देतो, जी झटापट होईपर्यंत मैदानाबाहेर आणि झटापट झाल्यावर मैदानात असते. मात्र उघड्या फाटकाआड कुत्रा असल्यास हा पक्ष स्वतःहून मागे घेतला जातो. नालीत पडलेला चेंडू जिवंतच धरतात, फक्त पुढच्या ओव्हरला बॉलर मिळत नाही.

हरवलेल्या चेंडूबाबत मात्र शास्त्रकारांनी उशीर केला. क्रिकेटच्या अधिकृत संहितेत त्यासाठी फलंदाजाला निदान सहा धावा मिळत. 2017 च्या संहितेने ते दान बंद करून चेंडू मृत ठरवला. हिंगण्यात ते कधी चाललंच नसतं. नवा बॉल वर्गणीतून येतो.

शंका : रग्बीच्या संहितेत काकूंचा उल्लेख नाही. हे तिचं मोठं न्यून होय. दुपारी दोनला चेंडू आत गेला, की निवाडा ना बॅट्समनकडे राहतो ना बॉलरकडे.

"काकू, बॉल द्या ना!"

"काहून रे, आत्ताच डोळा लागला होता. चारनंतर या."

या निवाड्यावर अपील नाही. चारपर्यंतचा स्कोअर गोठतो, आणि तो नेमका किती होता यावर चारनंतर स्वतंत्र वाद होतो.

सिद्धान्त : चेंडू कुठे मेला हे गौण, कोणी नेला हे प्रधान. आत शिरणं म्हणजे मिळवणं नव्हे. चेंडू ज्याच्या अंगणात, नियम त्याचा. तेव्हा हिंगण्यातल्या समस्त कंपाउंडधारकांना विनंती, की चेंडू अवश्य परत फेकावा, फक्त नालीच्या बाजूने फेकू नये.