विसाचे दोनशे

आमच्या घरात अँप्लिफायर आधीपासून होता. स्टीलचा, मध्यम आकाराचा, एरवी आमटीचं पातेलं म्हणून ओळखला जाणारा. आई सकाळी सातला मोबाइल त्याच्यात उभा करते आणि कीर्तन लावते. तिचं वय ब्याऐंशी. ऐकण्याचं मशीन तिला दोनदा आणून दिलं. दोन्ही मशिनं कपाटात सोन्याच्या कुड्यांशेजारी, कुड्यांइतक्याच बंदोबस्तात आहेत. पातेलं मात्र रोज वापरात.

बँकेतून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात मला ते पातेलं खुपायला लागलं. निवृत्त माणसाला घरातली प्रत्येक वस्तू सुधारण्याजोगी दिसते आणि घरातल्यांना तो. मी आईला समजावून सांगितलं, "अगं, पातेल्यात आवाज वाढत नाही. चहूकडे पांगणारा आवाज नुसता वर येतो, थोडा घुमतो. ताकद तेवढीच."

"मला ऐकू येतं."

"ते खरं. पण अँप्लिफायर बाहेरून ताकद आणतो. बॅटरीतून."

"आणि बॅटरी संपली की?"

मी विषय तिथेच सोडला.

मी वाणिज्य शाखेचा. विजेशी माझा संबंध म्हणजे फ्यूजची तार बदलणं, आणि लहानपणी चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीला जीभ लावून ती जिवंत आहे की मेली हे सांगणं. (जीभ चुरचुरली की जिवंत. वाड्यातला सगळ्यात खात्रीचा मीटर मीच होतो.) म्हणून न्यू जर्सीच्या पुतणीला फोन लावला. ती इंजिनीअर आहे. म्हणाली, "काका, तू तीनशे शहाऐंशी घे." मला आधी वाटलं बसचा नंबर सांगतेय.

एलएम ३८६ हा आयसी निघाला एक किडा. काळा, नखाएवढा, आठ पायांचा. नॅशनल सेमिकंडक्टर या अमेरिकन कंपनीनं तो सत्तरच्या दशकात काढला, म्हणजे मी शाळेत होतो तेव्हा. मी निवृत्त झालो, तो अजून नोकरीत आहे. किंमत एका वडापावाच्या आसपास. आत येणारा आवाज तो मुळात वीसपट करतो. पहिल्या आणि आठव्या पायाच्या मध्ये दहा मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर बसवला की विसाचे दोनशे. एवढं व्याज मी उभ्या नोकरीत कुणाला दिलं नव्हतं. "पण तू वीसवरच थांब हं," असंही पुतणी म्हणाली होती. ते मी ऐकलं होतं, एवढंच आता म्हणू शकतो.

सामान आणायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. या गल्लीत पावलोपावली असं दुकान आहे की जिथे जगातली कुठलीही वस्तू मिळते, फक्त तिचं नाव घेता आलं पाहिजे. मी घरून कागदावर लिहून नेलं होतं. काउंटरपलीकडच्या गृहस्थांनी कागद वाचला, मग चष्म्यावरून मला वाचला.

"पहिल्यांदाच?"

"हो."

"मग आयसी तीन घ्या."

मी जरा दुखावून एकच मागितला. त्यांनी काही न बोलता तीन बांधले. त्या माणसाची दूरदृष्टी मला पुढच्या रविवारी कळली.

रेझिस्टन्सच्या अंगावर आकडे नसतात, रंगीत पट्टे असतात. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, असं करत पांढरा नऊ. तपकिरी-काळा-काळा म्हणजे दहा ओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा हजार. ज्या खात्यात एका पट्ट्याच्या फरकानं दहाचे दहा हजार होतात त्या खात्यात बँकवाल्याला खरं तर घेऊच नये. त्यात रात्री ट्यूबलाइटखाली तपकिरी लाल दिसतो आणि लाल नारिंगी. आईची साडी निवडताना माझा हा गुण पूर्वीच सिद्ध झालेला आहे.

मग सोल्डरिंग. पंचवीस वॅटची आयर्न तापली, कथील-शिशाची तार टेकवली, राळेचा धूर निघाला, आणि आतून आईचा आवाज आला, "कल्हईवाला आला का रे?"

कानांचं काहीही होवो, नाक शाबूत होतं. मला ते एकदम पटलं. वाड्याच्या चौकात भट्टी लावून बसणारा कल्हईवाला हेच तर करायचा. पितळी भांडं चांगलं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि कापसाच्या बोळ्यानं कथील असं फिरवायचं की काळंकुट्ट पातेलं आतून चांदीचं. नवसागर घाण काढतो म्हणून कथील धरतं. राळेचं कामही तेच. फुटक्या बादलीला डाग द्यायलाही शेजारीच एक म्हातारा बसायचा. गंमत म्हणजे मी चार व्हिडिओ बघून जे शिकलो नाही ते आईनं खुर्चीत बसून सांगितलं, "भांडं तापवायचं, कथील नाही. भांडं तापलं की कथील आपोआप पळतं." मी नेमकं उलटं करत होतो. आयर्नवर थेंब वितळवून तो थंड पायावर टाकत होतो, रव्याच्या लाडवावर बेदाणा ठेवावा तसा. असा जोड दिसायला गोमटा, पण आत धरलेलाच नसतो. तपकीर गल्लीत त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. माझ्या पहिल्या बोर्डावर असे अकरा बेदाणे होते.

ते अकराही परत तापवले. बॅटरी लावली. चिडीचूप. आयसीवर बोट ठेवलं तर तव्याला टेकल्यासारखं चटकन मागं आलं.

न्यू जर्सीला फोटो गेला. उत्तर आलं, "काका, तू खालून बघतोयस." भोकांच्या त्या पाटीवर किडा वर बसतो आणि डाग खालून द्यायचे असतात. पाटी उलटी केली की डावं उजवं होतं. मी वरून दिसणारे नंबर खाली तसेच मोजले, त्यामुळे सहाव्या पायाची वीज तिसऱ्यात गेली आणि चौथ्या पायाची जमीन पाचव्याच्या, म्हणजे जिथून आवाज बाहेर पडायचा त्याच पायाच्या, पायाखाली आली. आरशात बघून भांग पाडायला आयुष्यभर जमलं, हे जमलं नाही. पुडीत आता दोन आयसी उरले.

अशा वेळी थोरामोठ्यांचं स्मरण करावं. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन गृहस्थानं १९०६ साली ऑडिऑन नावाची काचेची नळी बनवली. पुढे कित्येक वर्षं जगातले अँप्लिफायर तिच्याच वंशातल्या नळ्यांवर चालले. ती नेमकी कशी चालते हे मात्र खुद्द डी फॉरेस्टना नीट उमगलं नव्हतं. आठ-नऊ वर्षांनी आर्मस्ट्राँग नावाच्या तरुणानं ते उलगडून दाखवलं, आणि मग दोघं वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. हे वाचून मला फार धीर आला. न समजता बनवण्याची एक परंपरा आहे आणि मी तिच्यात बसतो.

दुसरा किडा नीट बसवला. बॅटरी लावताच स्पीकरमधून बारीक 'टप्' आलं. कान लावला तर दूरवर पाऊस पडत असल्यासारखी सळसळ. मोबाइल जोडायच्या आधी पुतणीनं सांगितलेली परीक्षा करायची होती, आत येणाऱ्या तारेच्या उघड्या टोकाला बोट लावायचं. लावलं. आणि खोलीभर घुमलं, "घूंऽऽऽ."

दचकून बोट काढलं. गप्प. परत लावलं, "घूंऽऽऽ."

तो आवाज माझ्यातून येत होता. भिंतींतल्या तारांमधली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. शेजारी माणूस नुसता उभा असला तरी तिचा थोडा अंश अंगावर घेतो. एकसष्ट वर्षं मी हा सूर लावून हिंडतोय आणि मला पत्ता नव्हता. बायकोला बोलावून तिचं बोट लावलं, तिचाही तोच सूर. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर हे कळणं म्हणजे मोठीच गोष्ट. तिनं हात धुतले आणि गेली.

आईला तो आवाज लगेच ऐकू आला. वयानं कान जातात ते आधी वरच्या पट्टीतून जातात, खालचे सूर बराच काळ टिकतात. तिनं गांधर्वच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिलेल्या आहेत. डोळे मिटून म्हणाली, "तंबोरा कुणी लावलाय? षड्ज आहे."

फोनवर असलेली पुतणी हसली. "आजी, आमच्याकडे तुमच्यापेक्षा चढा आहे. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते."

साठला पन्नास. मी बँकवाला, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिल्याशिवाय राहवत नाही. सहाला पाच. आईला म्हटलं, आपला पन्नास हा 'सा' धरला तर त्याच्या सहा-पंचमांश पटीवर कोणता स्वर येतो? ती आकड्यांत पडली नाही. "नीट सांग," म्हणाली. तेव्हा तो स्वर तारेवर शोधायचं ठरलं. तारेच्या लांबीचं गणित शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं ते आठवून आठवून आम्ही मुक्कामाला पोचलो. कोमल गंधार. तंतोतंत. म्हणजे पुणे षड्ज लावून बसलंय आणि न्यू जर्सी कोमल गंधारावर आहे. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तरीच तिचा फोन आला की मला जरा उदास वाटतं."

(चोखंदळांसाठी: आमच्या तीन इंची स्पीकरला पन्नासचा खर्ज झेपत नाही. ऐकू येतात ती त्याची दुपटी-तिपटीची भावंडं. पण घराणं तेच, आणि नातंही तेच राहतं.)

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण पहिल्या आणि आठव्या पायाच्या मधली ती जागा रिकामी होती आणि पुडीत दहा मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता. मी विसाचे दोनशे केले.

मोबाइल जोडला, बुवांनी नमन सुरू केलं आणि स्पीकरमधून राजदूत फटफटी सुरू झाली. फट्फट्फट्फट्. मध्येच बुवांचा एखादा शब्द, परत फट्फट्. याचं कारण मात्र मला एका झटक्यात समजलं, कारण ते आमच्या वाड्यात रोज घडायचं. खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की वरच्या मजल्यावर धार बंद. वरच्यांनी ओरडायचं, खालच्यांनी नळ बंद करायचा, धार परत सुरू, की खालच्यांनी पुन्हा सोडायचा. छोट्या बॅटरीला ताकद कमी. मोठा आवाज आला की तिची वीज खाली बसते, तो धक्का आत जाऊन दोनशे पट होऊन बाहेर येतो, परत बॅटरी बसते. वाड्यात यावर उपाय एकच होता: वर पिंप भरून ठेवायचं. इथेही तोच. बॅटरीच्या दोन तारांवर दोनशेवीस मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आडवा टाकला. फटफटी विझली.

तरी दोनशेपट बुवांबरोबर सगळंच दोनशेपट येत होतं. पावसाची सळसळ, घरातल्या विजेची घूंऽऽ, आणि कामवाल्या मावशींचा जुना बटणांचा फोन ओट्यावर वाजायच्या आधी दोन सेकंद येणारं 'टिटिटिट् टिटिटिट्'. मावशींना याचं फार अप्रूप वाटलं. "दादा, तुमच्या स्पीकरला आधीच कळतं," म्हणाल्या. मी गुपचूप तो कंडेन्सर काढला आणि विसावर आलो.

पेटी म्हणून श्रीखंडाचा अर्धा किलोचा रिकामा डबा घेतला. तिकडचे गिटारवाले हाच किडा सिगारेटच्या पाकिटात बसवतात. आपण आपल्या संस्कृतीप्रमाणे जावं. झाकणाला गोल भोक पाडून स्पीकर बसवला, तसा बुवांच्या आवाजात एकदम जीव आला. उघडा स्पीकर पुढून हवा ढकलतो तेव्हाच मागून ओढतो, दोन्ही लाटा कडेनं येऊन एकमेकींना खाऊन टाकतात. मागची लाट डब्यात कोंडली की खर्ज उरतो. फक्त बुवांनी 'विठ्ठल' म्हटलं की झाकण थरथरायचं आणि 'ठ'ला जरा जास्तच जोर चढायचा. ते आईला आवडलं.

पहिले चार दिवस ती डबा टेबलावर ठेवून ऐकत होती. पाचव्या दिवशी उठून बघतो तर डबा पातेल्यात. मी काहीच विचारलं नाही. तिनंच आपण होऊन सांगितलं, "यात जरा भरून येतो." आणि खरंच येत होता. पुतणीला फोटो पाठवला, तिनं लिहिलं, "कॅबिनेट मस्त."

काल बुवा पूर्वरंग संपवून उत्तररंगात आले. गोष्ट ऐन रंगात, आणि आवाज चिरका होत होत गेला. मी स्क्रू ड्रायव्हर शोधत होतो तोवर आईनं डब्याची वायर उपटली, डबा ओट्यावर ठेवला आणि मोबाइल पातेल्यात उभा केला. ती काहीही बोलली नाही. मी खाली वाण्याकडे बॅटरी आणायला निघालो तेव्हा जिन्यापर्यंत बुवा ऐकू येत होते.