तिर्रट नको, पोकर आणा

जालना एमआयडीसीत काय नाही? भंगाराचे ट्रक आहेत, भट्ट्या आहेत, सळईचे गठ्ठे आहेत, बियाण्यांची गोदामं आहेत. नाही ती फक्त चॅरिटी पोकर नाइट. तिकडे अमेरिकेत, इंग्लंडात शाळेला किंवा बेघर पोरांना निधी हवा असला की गावातले शेठलोक टेबलाभोवती बसतात, प्रवेशाचे पैसे मोजतात, रात्रभर पत्ते पिसतात आणि जमलेला गल्ला संस्थेला देतात. 'सोने का पालना' म्हणवणाऱ्या गावाने यात मागे का राहावं? म्हणून उद्योजक मंडळींना ही जाहीर सूचना : गरजू तरुणांसाठी एक रात्र पत्ते कुटा.

पहिली अडचण 1887 सालची आहे. जुगार प्रतिबंधक कायदा राणीच्या राज्यातला आहे आणि अजून ठणठणीत आहे. त्याच्या कलम 12 (अ) खालच्या बातम्या आपण रोज वाचतो. साचा ठरलेला. गुप्त बातमीदारामार्फत खबर मिळते, पथक पंचांसह जातं, बाभळीच्या झाडाखाली काही इसम गोलाकार बसून तिर्रट नावाचा हारजितीचा जुगार खेळताना मिळून येतात, आणि रोख रक्कम, पत्त्यांचा कॅट, मोबाईल व मोटारसायकल असा मुद्देमाल जप्त होतो. आरोपींची नावं वयासकट छापतात, बापाचं नाव आणि गावही सोडत नाहीत. आपल्या रात्री बाभळीऐवजी एसी हॉल असेल, सतरंजीच्या जागी हिरवं मखमली टेबल, मोटारसायकलीच्या जागी फॉर्च्युनर. नावं तेव्हाही छापून येतील, फक्त वय गाळून आणि फोटोसकट.

कोणी म्हणेल, पण पत्ते ते पत्तेच ना? मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच सांगून ठेवलंय की तेरा पत्त्यांच्या रमीत डोकं लागतं, तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा. आता तिर्रट खेळणारा तीनच पत्ते का घेतो? कारण त्याला रात्रपाळीला जायचं असतं, तेरा लावत बसायला वेळ कुठाय! पोकरचं अजून भिजत घोंगडं आहे. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगारात काढलं. पश्चिम बंगालच्या कायद्याने मात्र ब्रिज आणि रमीच्या पंगतीत पोकरला आधीपासून पाट मांडून दिलाय. जालना या दोहोंच्या मधे कुठेतरी येतं, आणि मधल्या जागेत काय वाट्टेल ते बसवता येतं हे प्लॉट घेतलेल्यांना मी काय सांगावं?

बरं, सरकारचं पत्त्यांशी वाकडं आहे असंही नाही. ते स्वतः 1969 पासून लॉटरी चालवतं. जुगार, लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यतीवर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. म्हणजे पत्ते हातात न घेता डाव मारणारा खेळाडू एकच.

पोकरमध्ये खरी गंमत हूल देण्यात असते. हातात काही नसताना चेहरा असा ठेवायचा की समोरचा उठून गेला पाहिजे. या बाबतीत जालनेकरांनी ऑगस्ट 2022 मध्ये जागतिक दर्जाचं प्रात्यक्षिक पाहिलंय. गाड्यांची वरात आली, काचेवर 'राहुल वेड्स अंजली'. गाव म्हणालं, कुणाचं तरी जोरात लग्न आहे. उतरले ते आयकर अधिकारी! पन्नास कोटींहून अधिक रोकड निघाली, ती मोजायला तेरा तास लागल्याच्या बातम्या होत्या. तेव्हा बोलावताना एक काळजी घ्या : त्या रात्री दारात लग्नाची गाडी लागलीच, तर अक्षता टाकायला कोणी धावू नये.

आता राहिला तो गरजू तरुण. त्याला शोधायला लांब जायला नको. तो हॉलच्या दारातच असेल, दोन मापं मोठा गणवेश घालून, फॉर्च्युनर मागे घेताना 'आन दो, आन दो' करत. आयटीआय झालेला, ट्रेड फिटर. खिशात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये परवापरवापर्यंत रमी. पडद्यावरचे हिरो त्याला वर्षानुवर्षं सांगत होते की खेळ, जिंक. 'आर्थिक जोखीम आहे' हे वाक्य शेवटी इतक्या वेगाने म्हणत की तो वेग आपल्या एकाही सरकारी योजनेला लाभला नाही. केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्याच्या महिनाभर आधी आपले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बंद करत होतो, असं ते म्हणाले, आणि आपण त्यांच्यावर विश्वास ठेवू. त्यानंतर त्यांचं कृषिखातं गेलं आणि क्रीडा व युवक कल्याण मिळालं. तरुणांचं कल्याण आणि पत्ते यांची सांगड घालण्यात शासन आपल्या पोकर नाइटच्या किती पुढे आहे पाहा.

कुरकुर करणारे म्हणतील, सीएसआरचे दोन टक्के 2014 पासून कायद्यातच आहेत, सरळ चेक फाडा की. असल्या माणसांना समारंभ कळत नाही. चेकवर सही करताना कोणी टाळ्या वाजवत नाही, शेजारी हरत नाही, आणि सूप येत नाही.

माझी अट एकच आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे, आणि ज्या आस्थापनेत 30 किंवा जास्त माणसं आहेत तिने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेत असं तो सांगतो. विद्यावेतनही द्यावं लागतं. तेव्हा निमंत्रणपत्रिकेवर प्रत्येक यजमानाच्या नावापुढे त्याच्या कारखान्यात सध्या किती शिकाऊ आहेत तो आकडा छापा. पंधरा टक्के भरलेल्यांना पहिल्या रांगेतली खुर्ची. अडीचही नसलेल्यांनी पत्ते खाली ठेवावेत, बाहेर जावं आणि गाड्या मागे घ्यायला त्या पोराला मदत करावी.