नेली, ओल्गा आणि सन्डरलंडची लफडी

"काय रे, घरात हत्ती पाळलाय का?" टॉवेल झटकता झटकता काकूंनी कुंपणावरून विचारलं. "सकाळपासून नुसती धडधड चाललीये."

"हत्तीणच आहे, काकू. नेली तिचं नाव. पण दंगा घालणारे तिघं आहेत. टॉय डॉल्स. इंग्लंडातले पंकवाले."

"म्हणजे ते डोक्यावर तुरा उभा करून, कानात सेफ्टी पिना अडकवून शिव्या देणारे?"

"त्यातलेच, पण हे घरचे चांगले आहेत."

"असं कुणी म्हटलं की मला लगेच संशय येतो. सांग बघू पहिल्यापासून." टॉवेल खांद्यावर टाकून काकू कठड्याला टेकल्या. म्हणजे आता अर्धा तास गेला.

"गाव सन्डरलंड. इंग्लंडच्या ईशान्येला, वेअर नदी समुद्राला मिळते तिथं. जहाजं बांधायची आणि कोळसा काढायचा, हाच गावाचा धंदा. साल १९७९. थॅचरबाई त्याच वर्षी मे महिन्यात पंतप्रधान झालेल्या. पंकचे थोरले बंधू सेक्स पिस्टल्स आदल्या वर्षीच आपसांत भांडून वेगळे झालेले. मागे उरलेली पोरं सरकार, पोलीस, बेकारी यांच्या नावानं दातओठ खात गात होती. अशात ऑक्टोबरात चौघांनी हा बँड काढला. गिटारवर मायकल अल्गर. त्याला सगळे ओल्गा म्हणतात."

"ओल्गा? बाईचं नाव? आणि तो चालवून घेतो?"

"चाळीसहून जास्त वर्षं चालवून घेतोय. गायला आधी दुसराच होता, तो सोडून गेला. मग आणखी एक आला, तोही टिकला नाही. शेवटी गिटार आणि गाणं दोन्ही ओल्गाच्याच गळ्यात पडलं. तेव्हापासून तिघांचा संसार आहे."

"तेच तिघं?"

"कुठलं! ओल्गा सोडला तर बाकीचे येतात नि जातात. बासवाले, ड्रमवाले डझनावारी बदलले. आणि जो येतो त्याचं आधी बारसं होतं. हॅपी बॉब काय, ट्रेव्हर द फ्रॉग काय, बॉनी बॅझ काय. हल्ली बासवर टॉमी गूबर असतो. ड्रमवर डंकन रेडमंड्स, तो स्नफ नावाच्या दुसऱ्या बँडातला."

"बेडूकसुद्धा ठेवला होता म्हण की. बरं, गातात काय?"

"गल्लीतली लफडी."

काकूंनी टॉवेल खांद्यावरून काढून तारेवर टाकला. आता त्या मोकळ्या होत्या.

"१९८७ चा त्यांचा अल्बम आहे, 'बेअर फेस्ड चीक'. त्यात एक गाणं फ्रेडरिक स्ट्रीटवरच्या मारामारीचं, एक पार्क लेनवरच्या मारामारीचं. एक फाइन फेअर नावाच्या सुपरमार्केटचं, की सन्डरलंडच्या फाइन फेअरला जगात तोड नाही. आणि एक अॅशब्रुक भागातल्या लाँड्रीचं. तिथं कपडे टाकलेत तर ते आटतील, पांढऱ्याचे शाईसारखे काळे होतील आणि वर तुमच्याच अंगाला वास येईल. एवढं सगळं गाण्याच्या नावातच लिहून टाकलंय."

"लाँड्रीवर गाणं! आपल्याकडे कुणी करेल का? आपल्याला चंद्र लागतो, नाहीतर पाऊस."

"त्याच्या आदल्या वर्षीच्या अल्बमचं नावच 'आयडल गॉसिप'."

"मग आपल्याच जातकुळीतले निघाले की!" काकू खूश झाल्या. "पण नुसतं गल्लीतलंच? मोठ्या माणसांचं काही नाही?"

"आहे ना. लेस्टर पिगट हा घोड्यांच्या शर्यतीतला तिथला सगळ्यात नावाजलेला जॉकी. १९८७ साली कर बुडवला म्हणून तुरुंगात गेला. झालं, यांचं गाणं तयार. ब्रायन क्लफ म्हणून फुटबॉलचे मोठे मॅनेजर होते. तरुणपणी सन्डरलंडकडूनच खेळलेले. १९८९ च्या जानेवारीत सामना संपल्यावर प्रेक्षक मैदानात घुसले, तर या साहेबांनी त्यातल्या काहींना धरून थोबाडलं. साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्याच वर्षीच्या 'वेकी वेकी' अल्बमात क्लफसाहेब हजर. आणि सिनेनट यूल ब्रायनरला टक्कल होतं ना, तर तो मूळचा स्किनहेडच, असं एक गाणं."

"कर बुडवणारा, हाणामारी करणारा आणि टकला. विषय चांगले निवडतात. पण हत्तीण कुठं राहिली?"

"तीच त्यांची लक्ष्मी. मूळ गाणं १९५६ चं, लहान मुलांचं. लिहिलं राल्फ बटलर यांनी, गायली मँडी मिलर ही बालनटी. पुढे बीटल्सच्या रेकॉर्डी काढणारे जॉर्ज मार्टिन, त्यांनीच ही रेकॉर्डही काढली होती. गोष्ट अशी, की मुंबईला एक फिरती सर्कस येते. तिच्यात नेली नावाची हुशार हत्तीण. एका रात्री ती साखळीतून निसटते आणि पळत सुटते ती थेट हिंदुस्थानात. पुढे मंडालेच्या वाटेवर तिला कळपाचा म्होरक्या भेटतो."

"थांब, थांब. मुंबईतनं पळाली आणि हिंदुस्थानात गेली? मग मुंबई काय विलायतेत होती?"

"गाण्यात तसंच आहे."

"आणि साल कुठलं म्हणालास? छप्पन? अरे, तेव्हा मुंबई कुणाची म्हणून इथं गोळीबार होत होते, माणसं मरत होती. आणि या बटलरसाहेबांनी तिला देशाबाहेरच काढून ठेवली! मोरारजींनासुद्धा हे सुचलं नसतं."

"सर्कशीचं तेवढं खरं होतं हो. १८७९ च्या सुमारास किआरिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. ती पाहूनच आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी पुढच्या वर्षी स्वतःची सर्कस उभी केली."

"छत्र्यांची हत्तीण पळाली नसती. पुढे बोल."

"टॉय डॉल्सनी हे गाणं घेतलं आणि सुसाट वेगानं ठोकलं. ओल्गाचा आवाज आधीच चिरका, हट्टाला पेटलेल्या पोरासारखा. सोंडेतून आवाज काढायची जागा आली की अख्खा जमाव ओरडतो. १९८२ साली रेकॉर्ड निघाली तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. १९८४ साली तीच पुन्हा काढली, आणि डिसेंबरात ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरावर. त्या नाताळात वर कोण होतं माहितेय? इथिओपियाच्या दुष्काळासाठी सगळ्या बड्या गायकांनी मिळून गायलेलं बँड एडचं गाणं पहिलं, वॅमचं 'लास्ट ख्रिसमस' दुसरं. आणि त्यांच्या शेपटाला धरून हत्तीण."

"त्या वर्षी तिकडे खाणकामगारांचा मोठा संप होता ना? पेपरात रोज यायचं."

"तोच. मार्चपासून चाललेला. सन्डरलंडची वेअरमाउथ खाणही कोळशाचीच. घरात पगार नाही, बाहेर थंडी, आणि रेडिओवर गावची पोरं हत्तिणीचं गाणं म्हणतायत."

"मग काय रडगाणं म्हणायचं? हसली असतील चार घटका."

"पुढचं ऐका. या नेलीची गाठ डॉक्टरांशीही पडली. मूळ गाण्याची लय मिनिटाला शंभरच्या आसपास. हृदय बंद पडलं की छाती दाबतात, तेही मिनिटाला शंभर वेळा दाबायचं असा तेव्हाचा नियम. म्हणून शिकवताना मनात नेली म्हणा असं सांगायचे. २००९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याची रीतसर चाचणी छापून आली. निघालं काय, तर गाण्यानं लय बरोबर येते, पण माणसं दाबतात वरवर. तेव्हा हे गाणं बंद करावं, असा निष्कर्ष."

"आणि तुझ्या या पोरांच्या चालीवर दाबलं असतं तर?"

"बरगड्या राहिल्या नसत्या."

काकू इतक्या हसल्या की पलीकडच्या गॅलरीत कुणीतरी डोकावलं.

"मग त्या एका गाण्यावर आयुष्य काढलं म्हणायचं?"

"तसं बरेच समजतात. ते स्प्लॉजनेसअबाउंड्स नावाच्या दुसऱ्या एका बँडाचं झालं. पब बंद होता होता दोन ग्लास बिअर आणि वेफर्सचं पाकीट मागणारा माणूस, एवढ्यावर गाणं. १९८० साली सातव्या नंबरापर्यंत गेलं, मग लोक विसरले. टॉय डॉल्स मात्र गात राहिले. घरी नेलीइतकं यश परत मिळालं नाही, पण जपानात, युरोपात सभागृहं भरतात. तिघांचे कपडे सारखे, डोळ्यांवर व्यंगचित्रातल्यासारखे भलेमोठे चश्मे, गाता गाता गिटारी गरगर फिरवायच्या आणि एकदम उड्या मारायच्या."

"म्हणजे माकडचेष्टाच."

"त्याच उड्या मारत तो ओल्गा बाखची टोकाटा वाजवतो, काकू. चर्चच्या ऑर्गनसाठी लिहिलेली. खाचातुरियनचा तलवारनृत्याचा तुकडासुद्धा वाजवलाय. बोटांना हिसका आहे, म्हणून चेष्टा खपते. नुसत्या चेष्टेला एवढी वर्षं कुणी तिकीट काढत नाही. २००४ साली अल्बम काढला, नाव 'अवर लास्ट अल्बम?', पुढे प्रश्नचिन्ह. २०१२ साली पुढचा, नाव 'द अल्बम आफ्टर द लास्ट वन'. २०१९ साली आणखी एक."

"आमच्याकडच्या नाटकवाल्यांचे शेवटचे प्रयोग असेच असतात," काकू म्हणाल्या. "पण एक सांगू? बाकीच्यांनी सरकारवर गाणी केली. सरकारं बदलली, गाणी जुनी झाली. यांनी लाँड्रीवर केली. ते सरकार केव्हाच गेलं, लाँड्री अजून कपडे खराब करतेच आहे."

टॉय डॉल्सवर इतकं नेमकं मी कुठं वाचलेलं नाही, म्हणून काकूंच्या परवानगीनं इथं छापलं. जहाजांचे कारखाने १९८८ साली बंद झालेलं, १९९३ साली वेअरमाउथ खाणीलाही टाळं लागलेलं हे गाव. तिथल्या दुकानांची आणि चौकांची नावं आज टोकियोतली पोरं तोंडपाठ म्हणतात, ती या तिघांमुळे. पंक म्हणजे नुसता संताप, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी मँडी मिलरची नेली ऐकावी, लगेच टॉय डॉल्सची. दोन्ही मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत.