डीप सर

नांदूरघाटात त्यांना 'डीप सर' म्हणतात. केज तालुक्यात इंग्रजीची शिकवणी घेणारे पुष्कळ निघतील, पण विशेषणांची सोयरीक जुळवणारे हे एकटेच. "रेनचं लग्न हेवीशी लागलंय, विंडचं स्ट्राँगशी, फीवरचं हायशी. तू कोण रे मोडता घालणारा?" असं म्हणत 'बिग रेन' लिहिणाऱ्या पोराचा कान पिळतात. बीड जिल्ह्यात हेवी रेनचं स्थळ बघायलाच मुळात कैक वर्षं जातात, ही गोष्ट वेगळी.

2000 सालापासून पहिलीत इंग्रजी आलं, पोरांना कॅट-रॅट तोंडपाठ झाले, पण कोणता शब्द कुणाच्या घरी नांदतो हे कुणी शिकवलं नाही, अशी सरांची जुनी तक्रार. एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात कप हातात आला की हॅलिडे निघतो. "इंग्लंडचा भाषाशास्त्रज्ञ. 1966 साली लिहून ठेवलंय त्यानं. चहा स्ट्राँग असतो, पॉवरफुल नसतो. पॉवरफुल असते ती गाडी."

हॉटेलवाला गाळणी आपटतो. "मपला कडक आसतो बगा. ऊनबी कडक, इस्त्रीबी कडक, नोटबी कडक, आन् जमादारबी कडक. येकच शब्द समद्या गावाला पुरतो."

"एकाच शब्दाचे इतके संसार!" सर कपाळाला हात लावतात, पण चहा संपवतात.

त्यांचा खरा जीव मात्र 'डीप'वर. स्लीप डीप, ब्रेथ डीप, लव्ह डीप. एका दहाव्याला पुढारी माइकवरून 'हेवी सॉरो' म्हणाले. सरांनी मागून हळूच शर्ट ओढला, "डीप, साहेब, डीप." पुढाऱ्यांना वाटलं भाषण आवरायला सांगतायत, ते बसले. एवढं आटोपशीर भाषण गावानं आधी ऐकलं नव्हतं, सरांना दोन दिवस रामराम वाढले.

उन्हाळ्यात एका शिवारात बोअरची गाडी लागली. 600 फुटांवरही नुसता फुफाटा. सर बांधावर हजर. शेतकरी गाडीवाल्याला पैसे मोजून देत होता.

"याला डीप ट्रबल म्हणतात," सर हळहळले. "आणि लॉस असतो हेवी."

"आन् कर्जाला वो सर?"

सरांचा चेहरा खुलला. "हेवी डेट! किंवा मग डीप इन डेट. कर्जाला दोन्ही लागतं."

"दोन्ही लागलंय," म्हणत शेतकऱ्यानं उरलेल्या नोटा पुन्हा मोजायला घेतल्या.