घटपर्णीला शेणखत घालणाऱ्या नर्सरीवाल्यांस

नर्सरीचे मालक यांस,



तुमच्या दारातच एक पोतं उभं असतं: ‘सर्व झाडांसाठी तयार माती’. लाल माती, शेणखत, गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. गुलाब, जास्वंद, तुळस या मातीत सुखाने वाढतात, तिथवर तुमच्याशी भांडण नाही. पण घटपर्णीच्या कुंडीतही तुम्ही तेच कोंबता. सब घोडे बारा टक्के! गिऱ्हाईक चारपाचशे रुपये मोजून झाड घरी नेतं, दोन महिन्यांत घट वाळतात, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही सांगता, “माश्या कमी पडल्या असतील, घटात मटणाचा तुकडा टाका.”

इतकी वर्षं हे झाड विकताय, ते माश्या का खातं हे एकदा तरी विचारायचं होतं कुणाला. ज्या जमिनीत ते वाढतं तिथे नत्र आणि स्फुरद जेमतेम. मेघालयात गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवर आपल्या देशातली एकमेव रानटी घटपर्णी, नेपेंथिस खासियाना, उगवते. तिथली जमीन आम्लधर्मी, धो धो पावसाने धुऊन निघालेली. मुळांना मिळत नाही ते पानांनी मिळवायचं, म्हणून पानाच्या टोकाला तो घट. त्यात घसरून पडलेला किडा पाचक रसात विरघळतो आणि झाडाला नत्र मिळतं. एवढं लांब कशाला, कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती किडे धरून जगतात, त्याही निकृष्ट जमिनीमुळेच. अशा झाडाच्या मुळाशी तुम्ही शेणखत ओतता, वर घटात मटण टाकायला सांगता. मटण नासतं, घट काळा पडतो, आणि दोष मात्र गिऱ्हाइकाच्या हाताला.

तुमच्याकडून आणलेली एक कुंडी मी उपडी करून पाहिली. माती विटेसारखी घट्ट बसलेली, गटारासारखा वास. घटपर्णीची निरोगी मुळंही काळपटच असतात, त्यामुळे नुसतं बघून फसायला होतं. चिमटीत धरून पाहावं लागतं. जिवंत मूळ टणक लागतं, त्याचं टोक फिकट असतं. या कुंडीतल्या मुळांची साल बोटांना चिकटून आली, आत फक्त दोरा उरला होता. या बारीक, ठिसूळ मुळांना ओल हवी आणि तितकीच हवाही. चिकट मातीत पाणी साचलं की हवा संपते आणि मुळं गुदमरून कुजतात. खतातले क्षार उरलंसुरलं जाळतात.

योग्य मिश्रण काही दुर्मीळ नाही. लांब धाग्यांचं स्फॅग्नम मॉस आणि पर्लाइट निम्मं-निम्मं. मॉस महाग पडतं म्हणाल, तर कोकणात नारळाच्या सोडणाचे ढीग पडलेले असतात. सोडणाचे बोटभर तुकडे करा, पण तसेच वापरू नका. त्यांत सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात. पाणी बदलत काही दिवस भिजवा, मगच पर्लाइट आणि लाकडी कोळशाचे खडे मिसळा. मुठीत दाबून सोडल्यावर मिश्रण पुन्हा फुगलं पाहिजे आणि घातलेलं पाणी लगेच तळातून निघालं पाहिजे. कोकोपीटची बारीक भुकटी एकटी भरू नका, ती दबून बसते. पाणी पावसाचं किंवा आरओचं. बोअरच्या जड पाण्याने सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. आणि कुंडीखाली पाण्याची बशी ठेवायला सांगणं आधी बंद करा. दमट हवा आणि भरपूर उजेडही हवाच, पण मुळं कुजलेल्या झाडाला त्याचा काय उपयोग?

हे सगळं तुम्हाला परवडतं. एका कुंडीला लागतं किती? ओंजळभर. तेवढ्यासाठी तुम्ही झाड मारता, लोकांच्या पैशावर डल्ला मारता आणि वर त्यांना पटवता की, हे झाड आपल्याकडे जगतच नाही. हौसेने आलेली शाळकरी पोरं कायमची नाद सोडतात. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

येत्या पावसाळ्यात नवीन माल येईल तेव्हा घटपर्णीच्या कुंड्या त्या पोत्यापासून लांब ठेवा. प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी लावा: माती नाही, खत नाही, मटण नाही. आणि आधी विकलेल्या झाडांची तक्रार घेऊन कुणी आलं, तर त्याला दुसरं झाड द्या, योग्य मिश्रणात, फुकट.

कळावे.

तुमचं एक जुनं गिऱ्हाईक