मसण खिडकी

चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा ही दरवाज्यांची नावं शेंबडं पोरही सांगेल. खिडक्या विचारल्या की मोठी माणसंही बगड, हनुमान, विठोबा इथवर येऊन डोकं खाजवतात. राहिलेल्या दोन म्हणजे चोर आणि मसण. मी जटपुऱ्याच्या आतला. त्यामुळे गडचिरोलीच्या एका छोट्या संस्थेनं आपला लिनक्सचा फाइल सर्व्हर 'जरा बघून द्या' म्हणून बोलावलं, तेव्हा खिडक्या मोजणं आपल्या रक्तातच आहे, अशा तोऱ्यात मी मूलमार्गे एसटीनं निघालो.

मे महिना. कार्यालयात कूलर साहेबांकडे, टेबलफॅन सर्व्हरकडे आणि बाबूंकडे नुसता दुपट्टा. सर्व्हर म्हणजे स्टुलावर बसवलेला जुना डबा. आत काय काय चालू आहे बघितलं, तर धर्मशाळाच. ब्लूटूथची सेवा चालू, डब्यात ब्लूटूथ नाही. मोडेम सांभाळणारी सेवा कधी न आलेल्या मोडेमची वाट बघत बसलेली. 'अवाही' नावाची एक सेवा नेटवर्कभर 'मी इथं आहे हो' अशी दवंडी पिटत होती. छपाईची सेवा कप्स ६३१ नंबरच्या पोर्टवर हजर, प्रिंटर मात्र साहेबांच्या लॅपटॉपला.

"कायले काढता जी?" बाबू म्हणाले. "खायले मांगते का थे?"

खायला मागत नाही, हे खरंच. पण १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' हे खंडणीखोर व्हायरस जगभर पसरलं, ते फाइली वाटायच्या एका म्हाताऱ्या पद्धतीतून, एसएमबी-१ मधून. ती कितीतरी ठिकाणी केवळ कोणी बंद केली नाही म्हणून चालू होती. मायक्रोसॉफ्टनं भोक बुजवायची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. त्याच वर्षी आमच्याकडे इको-प्रो संस्थेची पोरं परकोटावरची झुडपं उपटत होती. तीही कोणी लावली नव्हती.

बाबूंना हे पटलं की नाही कळलं नाही, पण त्यांनी दुपट्ट्यानं घाम पुसला. मी ती संमती धरली.

सेवा बंद करणं हे पाहुणा उठवण्याइतकंच नाजूक. 'डिसेबल' म्हणजे उद्यापासून येऊ नका. आज बसलेला बसूनच राहतो. त्याला 'स्टॉप' वेगळं सांगावं लागतं. कप्सला तेही सांगितलं, तर दारावर थाप पडताच पुन्हा हजर, कारण त्याचं सॉकेट दाराशी कान लावून बसलेलं. शेवटी दोघांनाही 'मास्क' केलं. मास्क म्हणजे आता कोणी हाक मारली तरी उठायचं नाही.

मग दिसलं एफटीपी, २१ नंबरचं. पासवर्ड उघड्यावर नेणारं, जुन्या जमान्यातलं. कोण वापरतं? साहेब नाही म्हणाले. बाबू नाही म्हणाले. चपराशी पाणी आणायला गेला होता. मास्क! निघताना घरच्या सवयीनं पंख्याचंही बटण बंद केलं. कॅन घेऊन आलेल्या चपराशानं ते काही न बोलता परत चालू केलं.

३१ तारखेला फोन. "सर्व्हर मेला जी."

"इथून तर चालू दिसतोय."

"मंग झेरॉक्स मशीन कागद गिळून राहिली, फाइल काऊन देत नाही?"

महिनाअखेरीची बिलं त्या मशीनवर स्कॅन होत. मशीन इतकी जुनी, की तिला एफटीपी आणि एसएमबी-१ या दोनच वाटा ठाऊक. आणि हे माहीत असलेला माणूस कार्यालयात एकच, जो त्या दिवशी पाणी आणायला गेला होता. मी बुजवली ती मसण खिडकी होती. रोज तिकडं कोणी फिरकत नाही, पण ज्या दिवशी लागते त्या दिवशी जटपुरा गेट काय कामाचं?

घरूनच एफटीपी पुन्हा उघडलं, पण फक्त त्या मशीनच्या पत्त्यापुरतं, एकाच फोल्डरपुरतं. आणि दुरून आत यायचं २२, फाइली वाटायचं ४४५, असं काय काय कोणासाठी चालू आहे ते फोनवर बाबूंना लिहून घ्यायला लावलं.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कागद डब्यावर चिकटवलेला होता. बाबूंच्या टपोऱ्या अक्षरात: '२२ — चंद्रपूरचे साहेब. ४४५ — आपण सारे. २१ — झेरॉक्स मशीन.' त्याखाली वेगळ्या पेनानं, वेगळ्या हातानं: 'पंखा — चंद्रपूरचे साहेब आले की लक्ष ठेवणे.'