बिनभांड्याचा स्वयंपाक, मुक्काम सोनगीर

मी स्काऊटमास्तर झालो तो कंबरेमुळे. आमच्या शाळेतले आधीचे स्काऊट सर निवृत्त होताना आपला गणवेश कपाटात ठेवून गेले होते. मुख्याध्यापकांनी तो बाहेर काढला, सगळ्या शिक्षकांवरून एकदा नजर फिरवली आणि ती माझ्या पोटावर येऊन थांबली. पॅन्ट ३४ ची होती. इतिहासाच्या सरांना ती गुडघ्याच्या वर चढली नसती.

मग मी बेसिक कोर्स करून आलो. तिथं कळलं की बेडन पॉवेल नावाच्या लष्करी साहेबानं १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीसेक पोरं नेऊन हा उद्योग सुरू केला. आपल्याकडे ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स स्थापन झाली. एवढ्या भांडवलावर मी गळ्यात स्कार्फ अडकवून सोनगीरला परतलो. फाट्यावर उतरताच पहिला प्रश्न आला, ‘सर, घसा बसला का?’

स्काऊट हस्तांदोलन डाव्या हातानं करतात. आफ्रिकेतल्या योद्ध्यांनी विश्वासानं डाव्या हातातली ढाल खाली ठेवली, अशी काहीतरी गोष्ट त्यामागं सांगतात. मी एका पालकापुढं डावा हात केला, तर गृहस्थांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं नेले. खानदेशात डाव्या हाताची कीर्ती ढालीसाठी नाही.

गाठींचा तास तर विचारूच नका. मी पुस्तकात बघून खुंट्याला दोर बांधला. संघनायक, म्हणजे आठवीतलं एक किडकिडीत पोरगं, जवळ येऊन तो दोर बोटानं हलवून म्हणालं, ‘सर, वासरू पयी जाई.’ मग त्यानं स्वतः गाठ मारली. ती अजून सुटलेली नाही. दोर खुंट्यासकट शाळेच्या भांडारात जमा आहे.

पण खरी फजिती पुढं होती. चाचणीत एक विषय असतो, बिनभांड्याचा स्वयंपाक. कल्पना चांगलीच आहे, पण ती कुठं राबवायची याला काही धरबंध? सोनगीर म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. तांबटांचे ठोके ऐकत आमची पोरं पाढे पाठ करतात. मठारलेल्या हंड्यावर उमटतात ना, तसे गोल गोल खळगे पडतात त्या पाढ्यांना. अशा गावात मी फळ्यावर लिहिलं, ‘शनिवारी किल्ल्याखाली स्वयंपाक. भांडं आणू नये.’

संध्याकाळी एका स्काऊटचे तांबट आजोबा घरी आले.

‘सर, स्टीलनं आमचं कंबरडं मोडलं. प्लास्टिकनं उरलंसुरलं नेलं. आता सरकार पोरांना भांड्याशिवाय जेवायला शिकवतंय?’

‘आजोबा, जंगलात अडकलं तर—’

‘सोनगीरच्या पोरानं भांडं न घेता जंगलात जायचंच कशाला?’

बेडन पॉवेलनं याचं उत्तर कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही.

शनिवारी जिल्ह्याहून परीक्षक आले. किल्ल्याच्या पायथ्याशी वारा असा, की माझी टोपी दोनदा महामार्गाच्या दिशेनं निघाली. मी कोर्सात शिकल्याप्रमाणं बटाट्यांना ओला चिखल थापत बसलो. पोरं माझ्याकडे, आजारी माणसाकडे बघतात तशी बघत होती. मग संघनायकानं कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि हिरवी वांगी त्यात टाकली.

‘अरे, भरीत? भांडं?’

‘सर, भरीतले भांडं कसाले लागस?’

खरंच की! वांगी भाजली, साली निघाल्या. धुतलेल्या दगडावर मिरची-लसूण ठेचून त्यातच वांगी रगडली, वर कांद्याची पात. पळसाच्या पानांवर कणीक मळून, पानांतच गुंडाळून पानगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गेले. या पोरांच्या आज्या हे सगळं हुरड्याच्या दिवसांत शेतावर करत आल्यात, फक्त त्यांना कुणी बॅज दिला नाही.

परीक्षकांनी एकच हरकत घेतली, तेल कशात आणलं? प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी हे भांडं आहे का, यावर अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी भरिताचा घास घेतला आणि पिशवी भांड्यांतून वगळली. दुसऱ्या घासाला माझे बटाटेही वगळले. ते आतून कच्चे आणि बाहेरून वीट झाले होते.

एवढ्यात आजोबा आले. हातात चकचकीत नवी तांब्याची कळशी. ‘स्वयंपाकाला नको, पाणी तर प्याल?’ नियमात पाण्याबद्दल काही नव्हतं. परीक्षक तीन पेले प्याले. कळशीवर बोटं फिरवत, ठोके मोजत राहिले. मग अर्जावर ‘वापरलेली भांडी : नाही’ लिहून सही ठोकली आणि आजोबांना बाजूला घेऊन भाव विचारला.

संध्याकाळच्या एसटीत परीक्षक खिडकीशी बसले होते. मांडीवर कळशी होती आणि कळशीत पळसाच्या पानात बांधलेलं उरलेलं भरीत. मी सवयीनं डावा हात पुढं केला. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.